कोपरावरचा मांडा

मुलीच्या लग्नाची तारीख धरायला पाहुणे आले, त्या दिवशी माझ्या हातून चहाचं पातेलं सुटलं. सांडशीसकट. निम्मा चहा कट्ट्यावर, निम्मा माझ्या नव्या साडीवर. भाजलं नाही हे नशीब. सोप्यात बसलेल्या पाहुण्यांनी आवाज ऐकला असणारच, पण शहाणी माणसं होती, कुणी काही विचारलं नाही. माझ्या थोरल्या जावेनं मात्र, जिला आमचं सगळं घर आणि निम्मं गाव आक्का म्हणतं, सांडलेल्या चहावर फडकं टाकता टाकता विचारलं, "हाताला काय झालंय गं?"

"कुठं काय? सांडशी ढिली झालीया."

सांडशी ठणठणीत होती. गेले काही आठवडे माझ्या उजव्या हाताचं हे चाललं होतं. नळ घट्ट बंद करायचा म्हटलं की कळ, कुलपात किल्ली फिरवली की कळ. मी गावातल्याच मराठी शाळेत शिकवते. फळ्यावर वरच्या ओळीला खडू टेकवला की कळ. आणि दुखायचं तरी कुठं, तर कोपराच्या बाहेरच्या अंगाला, जिथं हाडाचा उंचवटा बोटाला लागतो, नेमकं तिथं. काम बोटांचं आणि ओरडायचं कोपरानं, हा कुठला न्याय, मला कळेना. पन्नाशी उलटेपर्यंत आपल्याला कोपर आहे याची मी कधी दखलच घेतली नव्हती. आपलं आपल्याला ते धड दिसतही नाही. रोज आरशात तोंड बघतो, हात बघतो, पायांच्या भेगा बघतो, पण सकाळी उठून कोपर बघितलंय असं माणूस मला अजून भेटायचंय.

चहा पुन्हा झाला. वैशाखातली तारीख ठरली. उठता उठता होणाऱ्या विहीणबाई म्हणाल्या, "आम्ही चिकोडीकडची माणसं. बेळगावचं मांडं निसतं ऐकून म्हाईत. तुमच्या हातचं मांडं आमच्या गावात येणार म्हणून पोरं आत्तापासनं मागं लागल्यात."

"येतील की," आक्का म्हणाली. "आमच्या घरात पयला मांडा नवरीच्या आईचाच असतोय."

मी हसले, आणि डाव्या हातानं उजवं कोपर पदराखाली दाबून धरलं.

मांडा म्हणजे काय, हे ज्यांनी नुसता खाल्लाय त्यांना कळायचं नाही. मी स्वतः निपाणीकडची, तंबाखूच्या मळ्यात वाढलेली. आमच्याकडं लग्नात पुरणपोळी आणि बुंदी. मांडा मी पहिल्यांदा पाहिला तो सून होऊन बेळगावजवळच्या या गावात आले तेव्हा, आक्काच्या हातावर. परसात चूल, चुलीवर पालथी घातलेली लोखंडी कढई, आणि समोर पाटावर आक्का. तिंबून तिंबून लोण्यासारखा झालेला सपिठाचा गोळा तिनं घेतला, त्यात पिठीसाखर आणि वेलदोडा भरला, जरासा लाटला, आणि पोळपाट बाजूला सारून तो सरळ दोन्ही हातांवर घेतला. बोटांवरून मनगटावर, मनगटावरून पुढं. हात एकाखालून एक फिरत होते, त्यात घाई म्हणून नव्हती, आणि मांडा मात्र वाढत चालला होता. वाढता वाढता तो दोन्ही कोपरांना जाऊन भिडला. लोंबला नाही, फाटला नाही. एवढा पातळ, की पलीकडचा जाळ त्यातून दिसत होता. मग एका झोक्यात तो कढईवर गेला, भाजला, आणि मऊ आहे तोवर तिनं त्याची घडी घातली. मी आ वासून बघत राहिले. देवळातसुद्धा मी इतकी गप्प कधी उभी राहिले नव्हते.

शिकायला मला फार दिवस लागले. आक्का आधी गोळा हातात देईना. धोतराचं ओलं फडकं हातावर टाकायची आणि म्हणायची, "ह्याला फिरव. ह्ये खाली पडायचं बंद झालं की कणकेला हात लाव." मनातल्या मनात मांडे खाणाऱ्यांनी एकदा ते फडकं फिरवून बघावं. दंड भरून यायचे, मनगटं मागं वळून वळून आखडायची. आणि आमच्या घरचा नेम कडक होता: मांड्याला बसलेली बाई शेवटचा मांडा उतरेपर्यंत उठत नाही, आणि मधे हात बदलत नाही. हात बदलला की मांडा बदलतो, असं आक्काला तिच्या सासूनं सांगितलेलं. मग लग्न केवढंही असो, टोपल्या कितीही असोत, एकच बाई आणि तिचे दोन हात.

पुढं एका वर्षी सुगी उरकल्यावर आक्का मला म्हणाली, "आता तुझा हात बसलाय. हितनं फुडं मांड्याला तू." मला मोठाच मान मिळाल्यासारखं वाटलं. तेव्हापासून भावकीत, शेजारच्या गावांत कुठंही लग्न निघालं की मांड्याला मीच बसत आले. आता स्वतःच्या मुलीचं लग्न आलं होतं आणि मला भरला तांब्या उचलवत नव्हता. बाकी सगळं विकत मिळालं असतं, माणसं लावून झालं असतं. तो एक मांडा दुसऱ्या कुणाच्या हातानं व्हायचा नव्हता, आणि तो झाला नाही तर माझं मन मला खात राहिलं असतं, हे मला ठाऊक होतं.

दुखणं लपवायचं तर औषधही चोरूनच करावं लागतं. निपाणीला थोरल्या भावाला फोन केला. त्याला आम्ही आप्पा म्हणतो. आप्पाच्या मते जगातल्या सगळ्या दुखण्यांवर तंबाखू हा उतारा आहे, फक्त ती खायची का बांधायची एवढाच प्रश्न. तो स्वतः पानं घेऊन आला. "तेल लाव, तव्यावर गरम कर, आणि रात्रभर बांध. सकाळी कोपर कुठं हाय म्हणून हुडकत बसशील."

बांधलं. सकाळी कोपर जागेवर होतं, डोकं मात्र गरगरत होतं. शाळेत दुसरीच्या वर्गासमोर मला ओकारी आली आणि मी व्हरांड्याकडं पळाले. तंबाखूचा अंमल कातडीतूनही चढतो हे मला, तंबाखूच्या मळ्यात वाढलेल्या बाईला, त्या दिवशी कळलं. घरी आले तर मुलगी दारातच नाक मुरडून म्हणाली, "आई, तू विडी ओढायला लागलीस काय?" मग काय, सगळं बाहेर आलं.

आक्काला कळल्यावर तिनं काही आरडाओरडा केला नाही. आमच्याकडं दुखण्याला कुणी तेवढा भाव देत नाही. "दुखणं कामानंच जातंय," ती म्हणाली, आणि मला ते पटलंही. माघात भावकीतल्या एका लग्नाच्या मांड्याला मी नेहमीसारखी बसले. पहिले काही मांडे गेले बरे. मग कळ कोपरातून खाली मनगटापर्यंत उतरायला लागली. उठावं असं दहादा मनात आलं, पण बसलेली बाई उठत नाही. शेवटचा मांडा उतरला तेव्हा हात माझा राहिला नव्हता. जेवायला बसले आणि भाताचा घास ताटातून उचलून तोंडापर्यंत नेता येईना. घास मधेच थांबायचा. मुलीनं ते बघितलं, माझ्याजवळ सरकली आणि मला भरवायला लागली. त्या रात्री पहिल्यांदा मला या सांध्याचा धाक वाटला. ताट आणि तोंड यांच्यामध्ये एवढीशी बिजागरी आहे, आणि तिनं नाही म्हटलं तर समोर वाढलेलं अन्न आपलं नाही. जन्मभर मी तिला न विचारता जेवत आले होते.

मुलगी बेळगावात खडेबाजाराच्या अंगाला एका ऑफिसात नोकरीला आहे. तिनंच तिथल्या हाडाच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. बरोबर आक्का आली. मी एकटी गेले तर डॉक्टरला खरं सांगणार नाही, असा तिचा दावा होता, आणि तो खोटा नव्हता.

बाहेर बाकावर आमच्याआधी बसलेली माणसं, बघते तर सगळी कोपर धरून. मच्छे गावातल्या कारखान्यात पाना फिरवणाऱ्या एकाचं आतल्या बाजूला दुखत होतं. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीच्या कोपराच्या टोकावर लिंबाएवढी पाण्याची पिशवी आलेली, तासन्‌तास टेबलावर कोपर टेकून. एक गृहस्थ म्हणाले, त्यांना दुखत काहीच नाही, पण कानाला फोन लावून बसलं की करंगळी बधिर होते, मुंग्या येतात. कोपराच्या मागून जाणारी शीर दबते म्हणे. एवढासा सांधा, मुठीत मावेल असा, आणि त्याला दुखायला एवढ्या जागा. आणि प्रत्येकाचं दुखणं ज्याच्या त्याच्या कामाचं. मला वाटलं, इथं कुणाचं नाव विचारायला नको, कोपर बघितलं की माणूस कोण ते कळेल.

डॉक्टरीणबाई तरुण, धारवाडकडच्या. मराठी बोलायच्या, पण अडल्या की कानडीवर जायच्या. "नोवु कुठं आहे?" म्हणून त्यांनी विचारलं, आणि माझ्याआधी आक्कानंच माझं दुखणं कानडीतून सांगून टाकलं. बाईंनी तो उंचवटा दाबला. मी कळवळले. मग माझा हात टेबलावर पालथा ठेवून त्या म्हणाल्या, "आता फक्त मधलं बोट वर उचला. मी खाली दाबते, तुम्ही उचलत राहा."

बोट उचललं आणि कोपरात वीज चमकली.

"बघितलंत?" त्या म्हणाल्या. "बोट आणि मनगट मागं उचलणारे स्नायू हातात असतात, पण त्यांची दोरी बांधलेली असते वर, या हाडाला. तुम्ही सांडशी धरा, कपडा पिळा, खडू उचला, प्रत्येक वेळी ही दोरी खेचली जाते. सारखी खेचली, सावरायला वेळ दिला नाही, की तिचे धागे झिजतात. याला टेनिस एल्बो म्हणतात."

"हिनं कवा टेनिस खेळलंय?" आक्का.

"माझ्याकडं येणाऱ्या बहुतेकांनी ती रॅकेट हातात धरलेली नसते, आक्का. तुम्ही घरी काय काम करता? हाताचं?"

मी मांड्याचं सांगितलं. बोलून कळेना, तेव्हा तिथंच उभी राहून, रिकाम्या हातांवर मांडा फिरवून दाखवला. बाई खुर्चीत मागं टेकल्या आणि बघत राहिल्या. मनगटं मागं वळलेली, बोटं ताठ, आणि वजन सगळं दोन हातांवर तोललेलं. "किती वेळ असं?" त्यांनी विचारलं. संपेपर्यंत, मी म्हणाले. "मधे न थांबता?" मधे उठायचं नसतं, मी म्हणाले. त्यांनी आक्काकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "मांडा काही तुमचा वैरी नाही," त्या म्हणाल्या. "न उठणं हा वैरी आहे."

मी इंजेक्शन मागितलं. वैशाख जवळ येत होता. त्यांनी समजावून सांगितलं, की सुई मारली तर आता बरं वाटेल, पण पुढं पुन्हा उलटून दुखण्याची भीती असते, आणि आधी बाकीचे उपाय करून बघावेत. बहुतेक कोपरं वेळ दिला की बरी होतात. वेळ मात्र महिन्यांत मोजायचा. बर्फानं शेका, कोपराखाली बांधायला हा पट्टा घ्या, चार दिवस गोळी, आणि दुखणाऱ्या कामांपासून हाताला विश्रांती. पडून सूज आली असती, हात वाकडा दिसला असता किंवा सुजून लाल होऊन ताप आला असता, तर गोष्ट वेगळी होती, त्यात थांबायचं नसतं. तुमचं तसं नाही.

विश्रांती हा शब्द आक्कानं ऐकला, आणि घात झाला.

आमच्या घरात विश्रांती ही अशी गोष्ट आहे, की ती घ्यायची नसते, आणि घ्यायचीच तर मग पूर्ण घ्यायची. आक्कानं घरी येताच जुन्या लुगड्याची झोळी केली, माझा हात त्यात घालून गळ्यात अडकवला आणि हुकूम सोडला, "ह्यो हात आता लग्नालाच बाहीर निघंल." कालपर्यंत दुखणं कामानं जातं म्हणणारी हीच बाई. मी फळ्यावर डाव्या हातानं लिहायला लागले आणि मुलं खुशीत आली, कारण आता त्यांच्यापेक्षा वाईट अक्षर वर्गात कुणाचं तरी होतं. वेणी मुलगी घालायची. पीठ आक्का मळायची. मी माझा हात देव्हाऱ्यातल्या देवासारखा जपत होते.

पुन्हा दाखवायला गेलो तेव्हा झोळीतून काढलेला हात बघून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. कोपर आखडलं होतं, दंडाखालचा हात बारीक झाला होता. "मी कामाला विश्रांती सांगितली होती, हाताला तुरुंग नाही! हालचाल नाही तर दोरी बळकट कशी होणार?" मग त्यांनी व्यायाम शिकवला. हात टेबलावर, पंजा कडेच्या बाहेर पालथा. पंजात तांदळाची छोटी पुरचुंडी. डाव्या हाताच्या आधारानं पंजा वर न्यायचा, मग डावा हात सोडायचा, आणि पंजा हळूहळू, अगदी हळूहळू खाली सोडायचा. उचलण्यात नाही, सावकाश सोडण्यात औषध आहे, असं त्या म्हणाल्या. थोडं दुखलं तर चालेल, पण ते लगेच शमलं पाहिजे.

मला ऐकूनच नवल वाटलं. आम्हाला सगळ्यांना उचलायला शिकवलेलं. खाली सोडण्यानं हात बळकट होतो, हे कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"घरी हे तुम्ही करून घ्यायचं," बाई आक्काला म्हणाल्या. "आधी हात असा पूर्ण सरळ करायचा. दाखवा बघू करून."

आक्कानं हात पुढं केला. तो सरळ झाला नाही. बाईंना वाटलं, तिला समजलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. आक्का हसली, पदर सारखा केला, आणि म्हणाली, "तेवढाच हुतोय त्यो."

बाई उठून आल्या. त्यांनी तिचं कोपर दोन्ही हातांत घेतलं, वाकवून बघितलं, फिरवून बघितलं. मी लग्न होऊन आल्यापासून ज्या बाईच्या शेजारी बसून जेवले, तिचा उजवा हात सरळ होत नाही हे मी त्या खोलीत पहिल्यांदा बघत होते. बाईंनी विचारलं, "हे कधी मोडलं होतं?"

"मोडलं न्हवतं. गुंजीच्या पावण्यांकडनं येताना ठेसनात पडलोतो. एका जाणत्यानं पट्टी बांधलीती. सुगीचं दिवस, कोण दवाखान्यात जातंय?"

फोटो काढला. पडद्यावर हाड आलं. बाईंनी बोटानं दाखवलं: इथं तुटलं होतं, वाकडंच जुळून आलं, आणि मग सांधा घासत गेला. आता सरळ होणार नाही, पण शेक, हलका व्यायाम आणि अडलं तर गोळी घेऊन दुखणं कमी करता येईल. मी पडद्याकडं बघत होते. त्या वाकड्या हाडावर आक्कानं उसाच्या मोळ्या उचलल्या होत्या, घागरी आणल्या होत्या, माझ्या मुलीला न्हाऊ घातलं होतं. आणि मग मला ती सुगी आठवली. "आता तुझा हात बसलाय, हितनं फुडं मांड्याला तू" म्हणून तिनं मला पाटावर बसवलं ती सुगी.

"आक्का, म्हणून मला मांड्याला बसवलं व्हय?"

"तुझा हात खरंच बसलाता," ती म्हणाली. पदर कोपरावर ओढत पुन्हा म्हणाली, "हात सरळ व्हायचा न्हाय म्हणत्यात तर न्हाऊंदे. काय सरळ करून कुणाला सलाम ठोकायचाय?"

बसमध्ये ती शेंगा फोडत बसली, आणि मी खिडकीतून बाहेर बघत रडले. दुःखानं नव्हे. इतकं मोठं काही तरी इतकी वर्षं माझ्या चुलीशेजारी वावरत होतं आणि आवाजही करत नव्हतं, त्यानं मला भरून आलं होतं.

त्यानंतर आमच्या घरात रोज संध्याकाळी दोन बायका जेवणाच्या टेबलावर हात टेकून बसायच्या. माझ्या पंजात तांदळाची पुरचुंडी, आक्काच्या कोपरावर गरम पाण्याची पिशवी. "हळू सोड. हळू. घाई कुठं हाय?" ती मला दटावायची. पहिले काही आठवडे काहीच फरक नाही. मग एकदा नळ बंद केला आणि कळ आली नाही. मी नळ पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. मुलगी म्हणाली, "आई, पाणी वाया जातंय." मला तिला सांगता येईना, की आपोआप, आतल्या आत, कुणी न बघता ती झिजलेली दोरी स्वतःला विणत होती. मी दिवसभर शाळेत मुलांवर खेकसत होते, रात्री घोरत होते, आणि ती आपलं काम करत होती. असलं काम करणारं काही माझ्या अंगात आहे, याचं मला भीती वाटावी इतकं नवल वाटलं.

वैशाख आला. मांड्याचा दिवस लग्नाच्या आदल्या दिवशीचा. सकाळीच परसात चूल पेटली, कढई पालथी पडली. हळद लागलेली मुलगी आगीजवळ यायची नाही, म्हणून ती परसदाराच्या उंबऱ्यात बसली, हातापायांना पिवळी, डोळे चुलीवर. तिनं आठवडाभर मला शंभरदा सांगितलं होतं, की मांडे विकतचे आणू, कुणी काही म्हणणार नाही. आता ती गुडघ्यांवर हनुवटी टेकवून बघत होती.

मी पट्टा बांधला, पाटावर बसले. गोळा घेतला, भरला, लाटला, हातांवर घेतला. बोटांवरून मनगटावर. कोपर कुरकुरलं. थोडं दुखलं तर चालेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि घाई केली नाही. मांडा वाढायला लागला. तो मनगटाच्या पुढं गेला, हाताच्या मध्यावर आला, आणि मग दोन्ही कोपरांना येऊन भिडला. मी तो तोलून डोळ्यांसमोर धरला. इतका पातळ झाला होता, की पलीकडं उंबऱ्यात बसलेली माझी मुलगी मला त्यातून दिसत होती, पिवळी, धूसर, आणि जराशी हलणारी. एवढ्या वर्षांत मी मांड्यातून जाळ बघितला होता, माणूस कधी बघितलं नव्हतं. टाकवेना तो कढईवर. पण मांडा थांबत नाही. टाकला. भाजला. घडी घातली. मुलगी उंबऱ्यातच रडायला लागली आणि मीही रडले, आणि कढई तापलेली होती म्हणून रडता रडता दुसरा गोळा घेतला.

तो झाला, त्याच्या पुढचेही काही झाले. मग कळ खाली मनगटाकडं सरकायला लागली. माघातली तीच कळ. मी दात आवळले आणि पुढच्या गोळ्याला हात घातला.

"ऊठ," आक्का म्हणाली.

परसातल्या सगळ्या बायकांनी मान वर केली. मी म्हणाले, "आक्का, मधनं उठत न्हाईत."

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की."

"मीच सांगालोय आता. ऊठ. मी बसतो."

मी उठले. ती पाटावर बसली. किती वर्षांनी बसली, कुणाला ठाऊक. गोळा तिनं असा उचलला, जसा काल ठेवलेला आज उचलावा. पण हात सरळ होत नव्हता, म्हणून मांडा एका अंगाला कलायचा, आणि तो सावरायला ती सगळा खांदा फिरवायची, कंबरेतून वळायची. मी तिच्या शेजारी उकिडवी बसून बघत होते. मांडा वाढला. वाकड्या हातावर तोही वाकडाच वाढला, एक कड लांब, एक कड आखूड, पण तसाच पातळ, तसाच अखंड. तिनं तो कढईवर टाकला, भाजला, घडी घातली आणि टोपलीत मी केलेल्या मांड्यांच्या थरावर ठेवला.

मग माझ्या कानाजवळ वाकून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, आक्का म्हणाली, "लई दुखतंय गं."

आयुष्यात पहिल्यांदा ती हे कुणाला तरी सांगत होती. मी तिचं कोपर दोन्ही हातांत घेतलं, आणि पुढचा गोळा परातीत तसाच राहू दिला.